उलटी बाजू

आमच्याकडे गालिचा आधी पालथा करून पाहतात.
रंगावर भाळतं ते गिऱ्हाईक नवखं.
जाणता माणूस कोपरा उचलतो
आणि गाठींवरून अंगठा फिरवतो,
आंधळ्यानं ओळखीचा चेहरा चाचपावा तसा.

माझी आई दोन्दू आणि काकू एल्मास
एका मागाला, एका फळीवर बसायच्या.
आई उजवीकडे. तिची गाठ आवळ, हिशेबी.
काकूची सैल,
म्हणून डावी बाजू कायम बोटभर वर चढलेली
आणि काकू थांबलेली, आई गाठेपर्यंत
भोपळ्याच्या बिया सोलत.

आजोबा गेले त्या हिवाळ्यात
अक्रोडाचं झाड वाटणीत अडकलं.
बुंधा आमच्यात, सावली त्यांच्यात,
फळं वाऱ्याच्या मर्जीवर.
मार्च उजाडेपर्यंत दोन्ही जावांचा अबोला.
पण ताणा भरलेला होता,
कोन्याच्या व्यापाऱ्याची उचल खर्चून झाली होती,
आणि अर्ध्या विणलेल्या गालिच्याची
वाटणी होत नाही.

मग बसत राहिल्या, खांद्याला खांदा.
नक्षी तेवढी मोठ्यानं मोजायच्या,
कारण मोजणं म्हणजे बोलणं नव्हे.
तीन तांबडे, आई म्हणायची,
आणि मला ऐकू यायचं :
तुझ्या नवऱ्यानं मोजणीदाराला कोंबडा चारला.
एक निळा, काकू म्हणायची :
आणि तुझ्यानं काय चारलं?

बाणा मात्र ऐकायचा नाही.
तो आईच्या हातून काकूच्या हाती गेल्याखेरीज
ओळ पुरी होत नाही.
आई गुंडी फळीवर ठेवायची.
काकू उचलायची.
वीतभर लाकडावर महिनोन्महिने
दोघींची बोटं एकमेकींना चुकवत राहिली.
मग फणी. ती एकदमच ठोकावी लागे,
नाहीतर ओळ तिरकी जाते.
त्या एकदमच ठोकायच्या.

जूनमध्ये काकू निळ्याच्या जागी काळा बांधू लागली.
मी पाहिलं. आईनं पाहिलं.
काकूनं नाही,
तिच्या डाव्या डोळ्यावर सायीसारखं काही धरलं होतं.
मला वाटलं, आता आई बोलणार,
चार महिन्यांचं एकदम बोलणार.
आई म्हणाली, दोन सोड.

त्या रात्री जाग आली
ती आकड्याच्या बारीक आवाजानं.
दिव्याशी आई काकूच्या जागेवर बसली होती.
एकेक काळी गाठ उसवत होती,
तिथं निळी बांधत होती,
आणि सैल बांधायचं बघत होती. जमत नव्हतं.
सही खोटी करता येते माणसाला,
हाताचा पीळ नाही.
"झोप," ती म्हणाली, "डास आहेत."
डासांचा काही संबंध नव्हता.

सप्टेंबरात गालिचा मागावरून उतरला.
व्यापारी आला, दोन पेले चहा प्यायला,
पालथा केला.
अंगठा डावीकडे गेला. थांबला. मागे आला.
"इथं तळहाताएवढ्या जागेत
दुसरंच कोणी बसलं होतं काय?"

आई चहाचे पेले गोळा करू लागली,
त्यातला एक अजून भरलेला.
काकू उंबऱ्याशी होती.
ती आली, वाकली,
तिनंही अंगठा टेकवला.
डोळ्यांना दिसत नव्हतं
ते कळायला तिला क्षणही लागला नसावा,
तरी ती तशीच वाकून राहिली
पाठ दुखेल इतका वेळ.
मग व्यापाऱ्याला म्हणाली,
"माझाच हात आहे तो.
भावात दमडी कमी होणार नाही."

झाडाचा दावा अजून चालू आहे.
दोघी गेल्या. आता तारखांना
चुलतभाऊ आणि मी जातो,
एकाच गाडीतून, पेट्रोल निम्मं निम्मं.
वाटेत बोलतो पिकाचं, पोरांचं.
झाडाचं कोर्टात.

गालिचा कुठं आहे, ठाऊक नाही.
कुणाच्या तरी दिवाणखान्यात उताणा पडला असेल,
वर मंजिष्ठेची फुलं, लोकांचे पाय, सांडलेली कॉफी,
आणि खाली, फरशीला तोंड लावून,
तळहाताएवढी
ती आवळ जागा.